चिलखत, वेताची तलवार आणि मुका मार: मध्ययुगीन लढतीच्या छंदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा छंद म्हणजे नेमके काय? नाटकातल्यासारखी बसवलेली लढाई असते का?

नाही. नाटकात किंवा चित्रपटात कोणता वार कधी येणार आणि कोण पडणार हे आधीच ठरलेले असते. या छंदात ते कोणालाच ठाऊक नसते. युरोपातील मध्ययुगीन योद्ध्याप्रमाणे चिलखत आणि शिरस्त्राण चढवून दोन माणसे, किंवा दोन फळ्या, जिंकण्याच्या इराद्याने एकमेकांवर खरोखर वार करतात आणि ते वार खरोखर लागतात.

या छंदाच्या तीन मुख्य शाखा आहेत. पहिली 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम', म्हणजे एससीए, या संस्थेची आहे. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या मागच्या अंगणात काही मित्रमैत्रिणींनी हौसेने एक मध्ययुगीन पद्धतीची स्पर्धा भरवली आणि त्यातून ही संस्था उभी राहिली. येथे वेताच्या तलवारीने लढतात. दुसरी शाखा बुहुर्ट. तीत बोथट, पण पोलादी शस्त्रे आणि पूर्ण पोलादी चिलखत असते. तिसरी शाखा युरोपातील जुन्या हस्तलिखितांवरून तलवारबाजी पुन्हा शिकणाऱ्यांची असून ती तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हेमा म्हणून ओळखली जाते. पुढील उत्तरे मुख्यतः पहिल्या शाखेविषयी आहेत, कारण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाची गाठ बहुधा हिच्याशीच पडते. कित्येक विद्यापीठांच्या हिरवळीवर तिचे सराव चालतात.

तलवार वेताचीच का? बांबूची किंवा लाकडाची का नाही?

बांबू आतून पोकळ असतो आणि फुटला की त्याच्या उभ्या, धारदार कपच्या निघतात. शिरस्त्राणाच्या फटीतून अशी एखादी कपची डोळ्यापर्यंत जाऊ शकते. घट्ट लाकूड एकदम तुटते आणि तुटलेले टोक टोकदार राहते. वेत मात्र भरीव असतो आणि त्याचे तंतू लांब असतात. मार खाऊन खाऊन तो हळूहळू मऊ पडतो, कुंच्यासारखा विसविशीत होतो, पण त्याचे तुकडे उडत नाहीत. या एका गुणासाठी आग्नेय आशियात उगवणारा वेत अमेरिकेतल्या मैदानांवर पोहोचला आहे. एका हातात धरायच्या तलवारीसाठी त्याचा व्यास निदान सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर असावा लागतो. त्यावर चिकटपट्टी गुंडाळतात, धारेची बाजू वेगळ्या रंगाने दाखवतात आणि मुठीभोवती हात वाचवणारी पोलादी जाळी बसवतात.

वेताची म्हणून ही तलवार लुटुपुटूची समजू नये. ताकदवान माणसाने कमरेतून फिरवलेला वार शिरस्त्राणावर बसला की त्याचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत जातो.

वार लागला की नाही हे कोण ठरवतो? पंच असतात का?

या प्रश्नाच्या उत्तरात सगळा छंद आहे, म्हणून ते सविस्तर देतो.

मैदानावर मार्शल असतात, पण त्यांचे काम सुरक्षिततेपुरते असते. शिरस्त्राणाचा पट्टा सुटला, कोणी वेडेवाकडे पडले, कुंपण जवळ आले, की ते 'होल्ड' असे ओरडतात आणि मैदानावरचा प्रत्येक जण ती हाक पुढे देत जागच्या जागी थांबतो. वार बसला की नाही याचा निवाडा मात्र ते करत नाहीत. तो निवाडा ज्याला वार बसला त्यानेच करायचा असतो.

नियम असा की प्रत्येक लढवय्याने अंगात कड्यांचे चिलखत, त्याखाली गादीसारखा शिवलेला जाड अंगरखा आणि डोक्यावर नाकपट्टी असलेला उघड्या तोंडाचा लोखंडी टोप घातला आहे असे मानायचे, मग त्याने प्रत्यक्षात काहीही घातलेले असो. त्या मानलेल्या चिलखतातूनही खऱ्या तलवारीने इजा केली असती इतका जोरकस आणि धारेच्या बाजूने सरळ बसलेला वार 'गुड' धरला जातो. डोक्यावर किंवा धडावर असा वार बसला की तुम्ही मेलात, म्हणजे लढतीतून बाद. हातावर बसला तर तो हात पाठीमागे घेऊन दुसऱ्या हाताने लढायचे. मांडीवर बसला तर गुडघ्यांवर बसून लढायचे. तोंडावरच्या खुपशीला जोर लागत नाही, कारण तोंड उघडे मानलेले असते. तेथे नेमका स्पर्श पुरतो. मनगटापुढचा हात, तसेच गुडघ्याच्या वर एक इंचापासून खालचा पाय, या भागांवर वार करायला मनाई आहे.

आता हे मनाशी नीट आणून पाहा. समोरचा दमलेला आहे, स्पर्धेची शेवटची फेरी आहे, भोवती दोनशे माणसे पाहत आहेत, आणि तुमच्या बरगडीवर असा एक वार बसला आहे की तो पुरेसा होता की थोडा कमी पडला हे जगात फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. तुम्ही 'लाइट' म्हणालात तर लढत चालू राहील आणि कोणी हरकत घेणार नाही. तरीही माणसे 'गुड' म्हणतात आणि खाली बसतात. मला या छंदाची ओढ लागली ती याच गोष्टीमुळे. अंगावरचा मार काही दिवसांत विसरला जातो, पण मान्य न केलेला वार लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात, आणि ज्याचे कातडे गेंड्याचे आहे अशी ख्याती झाली त्याच्याशी कोणी मनापासून लढत नाही.

मग दुखते किती, आणि कुठे?

दुखते. चिलखत हाड वाचवते. मांस नेहमीच वाचवते असे नाही.

नियमाने डोके, मान, कोपरे, गुडघे, मूत्रपिंडांची जागा, जननेंद्रिये आणि हात यांना कडक संरक्षण सक्तीचे आहे, कारण तेथील इजा आयुष्यभर पुरते. मांड्यांच्या बाहेरच्या बाजू, कुल्ले, दंड, काखेखालचा भाग येथे किती संरक्षण घ्यायचे हे बरेचसे तुमच्यावर सोडलेले असते, आणि पुष्कळ लोक वजन कमी ठेवण्यासाठी तेथे कमीच घालतात. साहजिकच बहुतेक मुका मार तेथेच बसतो. ढालीच्या वरून हात पुढे टाकून मनगट वळवले की तलवार प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या बाजूने येते आणि कुल्ल्यावर किंवा मांडीच्या मागे बसते. या वाराची चाहूल लागत नाही. नव्या माणसाच्या अंगावरचे पहिले काही डाग हमखास याच वाराचे असतात.

अशा वाराचा वळ काही मिनिटांत उठतो: तलवारीच्या रुंदीच्या दोन समांतर लाल रेघा आणि त्यांच्या मधोमध फिकट पट्टा, कारण वेत जेथे टेकतो तेथील रक्त दोन्ही बाजूंना सारले जाते आणि केशवाहिन्या कडांवर फुटतात. दुसऱ्या दिवशी ती जागा जांभळी होते. चारपाच दिवसांनी कडा हिरवट दिसू लागतात, मग पिवळ्या पडतात, आणि साधारण दोन आठवड्यांत डाग जातो. हे रंग साकळलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे शरीर टप्प्याटप्प्याने विघटन करते त्यामुळे दिसतात. मांडीच्या वरच्या भागात मार बसला असताना तीन दिवसांनी गुडघ्याजवळ निळे दिसू लागले तर घाबरू नये. साकळलेले रक्त वजनाने खाली उतरत असते.

लढताना मात्र यातले फारसे काही जाणवत नाही. अ‍ॅड्रेनलिन उतरल्यावर, अंगरखा काढताना किंवा घरी जिना चढताना, एकेक जागा आपला हिशेब मांडू लागते. पहिले काही महिने दंड आणि पाठ नुसत्या मेहनतीनेही भरून येतात, आणि त्यातले मुक्या माराचे दुखणे कोणते व स्नायूंचे कोणते हे ओळखायला वेळ लागतो.

शिरस्त्राणाच्या आत कसे वाटते?

पहिल्यांदा बहुतेकांना गुदमरल्यासारखे होते. पोलादाचा पत्रा सुमारे दीड मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतो, आत जाड फोम किंवा रुईचे अस्तर असते, हनुवटीखाली पट्टा आवळलेला असतो आणि समोर आडव्याउभ्या गजांची जाळी असते. तिच्या फटी एक इंचाहून मोठ्या असून चालत नाहीत. स्वतःचा श्वास कानाशी भात्यासारखा ऐकू येतो. बाहेरचे बोलणे घुमट येते. खाली पाहिले तर स्वतःचे पाय दिसत नाहीत. घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो आणि तो पुसण्याची सोय नसते.

डोक्यावर वार बसतो तेव्हा वेदनेच्या आधी आवाज येतो, आणि आवाजावरूनच वाराची प्रत कळते. चाटून गेलेला वार झणझणतो. सपाट बाजूने बसलेला फटकन वाजतो. धारेने खोल बसलेल्या वाराचा आवाज बद्द असतो आणि तो दातांपर्यंत पोहोचतो. अनुभवी माणूस त्या बद्द आवाजासरशी, विचार न करता, खाली बसतो. हे ओळखायला शिकणे म्हणजे अर्धी लढत शिकणे, असे माझे मत आहे.

इतका मार खाऊन यात आनंद कोणता?

एकास एक लढतीचा आनंद एकाग्रतेचा आहे. समोरच्याच्या खांद्याची किंचित हालचाल, ढालीच्या कडेला दिसलेली चार बोटांची फट आणि तेथे आपली तलवार आधीच पोहोचलेली असणे, हे सगळे एका श्वासात होते. त्या क्षणी कचेरी, कर्जाचे हप्ते, परीक्षेचा निकाल यांपैकी काहीही डोक्यात नसते.

फळीची लढाई निराळी. पेनसिल्व्हेनियातील स्लिपरी रॉक गावाजवळ कूपर्स लेक येथे उन्हाळ्यात दोन आठवडे 'पेन्सिक वॉर' हा मेळावा भरतो. १९७२ साली सुरू झालेल्या या मेळाव्याला आता दहा हजारांहून अधिक माणसे जमतात आणि तंबूंचे गाव वसते. तेथे खुल्या मैदानात, जंगलात आणि आखून दिलेल्या अरुंद पुलांवर शेकडो लोकांच्या दोन फळ्या भिडतात. पुलावरच्या लढाईत तुमची ढाल शेजाऱ्याच्या ढालीला टेकलेली असते, मागच्या रांगेतला तुमच्या खांद्यावरून भाला चालवत असतो, आणि समोरून रेटा आला की सगळी फळी एकाच वेळी मागे झुकते आणि एकाच वेळी पुढे येते. त्या दाबात आपण एकटे नाही याची जी जाणीव अंगाला होते ती मला दुसऱ्या कोणत्याही खेळात मिळालेली नाही. ज्याने आपल्याला नुकतेच 'मारले' तोच बाहेर आल्यावर पाण्याची बाटली पुढे करतो आणि तुझा तो वार कसा आला म्हणून विचारतो.

चिलखताचे वजन फार असते का? दम लवकर का लागतो?

वेताच्या लढतीतले चिलखत माणसागणिक वेगळे असते, तर बुहुर्टचे पोलादी चिलखत साधारण २५ ते ३५ किलोचे भरते. पण केवळ वजनाने दम लागतो असे नाही. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी पंधराव्या शतकातील चिलखतांच्या प्रतिकृती घालायला देऊन माणसांना ट्रेडमिलवर चालवले आणि धावायला लावले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चालताना लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक आणि धावताना जवळजवळ दुप्पट भरली. पाठीवर तितकेच ओझे घेतले असते तर खर्च कमी आला असता. चिलखताचे बरेच वजन पायांवर विभागलेले असते आणि प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे फेकावे लागते. शिवाय छातीवरचा पत्रा फासळ्या पुरत्या फुलू देत नाही, त्यामुळे श्वास उथळ आणि भरभर होतो.

म्हणून पहिला सल्ला तलवारीचा नाही, श्वासाचा आहे. वार करताना श्वास सोडावा. रोखून धरणारा माणूस दोन मिनिटांत संपतो. उन्हाळ्यात पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्यावे. घाम यायचा थांबला, मळमळू लागले किंवा बोलणे अडखळू लागले तर शिरस्त्राण काढून सावलीत जावे आणि ताबडतोब कोणाला तरी सांगावे, कारण मैदानावर उष्माघात हा तलवारीपेक्षा मोठा शत्रू आहे.

गंभीर दुखापती होतात का?

होतात, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. बोटे आणि अंगठा मोडणे, मनगट लचकणे, गुडघ्याचे अस्थिबंध दुखावणे, खांदा धरणे हे प्रकार घडतात. गुडघ्याच्या पुष्कळ दुखापती वाराने होतच नाहीत. जड अंगाने ओल्या गवतावर एकदम वळल्याने त्या होतात.

सर्वांत गंभीरपणे घ्यायची गोष्ट म्हणजे मेंदूला बसणारा हादरा. शिरस्त्राण कवटी वाचवते, पण आतला मेंदू हलायचा थांबवू शकत नाही. डोके दुखणे, गरगरणे, उजेड सहन न होणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, मधल्या काही क्षणांची आठवण नसणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. शुद्ध हरपणे हेच हादऱ्याचे लक्षण आहे ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदा शुद्ध हरपत नाही. वारंवार असे होत असेल तर लढत सोडावी. धनुर्विद्या, चिलखत घडवणे, मार्शलचे काम असे या छंदात करण्यासारखे इतर पुष्कळ आहे.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवावे. मांडी किंवा पोटरी मार बसल्यावर काही तासांत दगडासारखी घट्ट झाली, माराच्या मानाने कळ फारच जास्त असली आणि खालचा भाग बधिर पडू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याची ती खूण असू शकते आणि तिला तातडीने शस्त्रक्रिया लागते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज या वाटेला जाऊच नये.

साध्या मुक्या मारावर काय करावे?

पहिल्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून पंधरावीस मिनिटे, दिवसातून काही वेळा. शक्य असेल तर तो अवयव उंचावर ठेवावा. पहिल्याच दिवशी शेक देऊ नये आणि चोळू तर मुळीच नये, कारण त्याने आतला रक्तस्राव वाढतो. दोन दिवसांनंतर शेक आणि हलकी हालचाल चांगली. आंबेहळदीचा लेप घालण्याची आपल्याकडची रीत त्वचा फुटलेली नसेल तर चालू ठेवायला हरकत नाही. मला त्याने बरे वाटते, पण मोडलेल्या हाडावर लेप लावून आठ दिवस काढणे म्हणजे केवळ हेळसांड होय. एकाच ठिकाणी टोचून दुखत असेल किंवा बोट वळत नसेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

डाग वारंवार एकाच जागी उठत असतील तर औषधापेक्षा पवित्रा तपासावा. डाव्या मांडीवर दर आठवड्याला वळ येत असेल तर तुमची ढाल वार करताना वर उचलली जात आहे.

बुहुर्ट आणि हेमा यांत मार अधिक असतो का?

बुहुर्टमध्ये निश्चितच अधिक. २०१० साली युक्रेनमधील खोतीन किल्ल्यावर चार देशांच्या संघांनी 'बॅटल ऑफ द नेशन्स' ही पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली. फळीच्या लढतीत वार मोजत नाहीत. पायांखेरीज शरीराचा तिसरा भाग जमिनीला टेकला की तो लढवय्या बाद होतो. त्यामुळे तेथे धक्के, लाथा, कुस्तीचे पेच आणि ढालीच्या कडेचे तडाखे सगळे चालते. खुपसणे वर्ज्य आहे, आणि मानेचा मागचा भाग, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, पाऊल येथे मारायला बंदी आहे. पोलादी कुऱ्हाड चिलखतावर बसली की पत्रा आत चेपतो आणि लढत संपल्यावर लोक चिलखत ऐरणीवर ठोकून सरळ करताना दिसतात.

हेमामध्ये फेन्सिंगचा मुखवटा, जाड जाकीट आणि लवचिक पोलादी तलवार असते. मार एकूण कमी, पण बोटांना धोका जास्त, कारण लांब तलवार दोन्ही हातांनी पुढे धरलेली असते. दस्तान्यांवर खर्च करताना हात आखडू नये.

स्त्रिया लढतात का? वयाची अट काय?

लढतात. वेताच्या लढतीत स्त्रियांसाठी निराळा गट नसतो. त्या पुरुषांबरोबर, त्याच नियमांनी लढतात आणि जिंकतात. बुहुर्टमध्ये त्यांचे स्वतंत्र संघही आहेत. वेताच्या लढतीत प्रौढ गटासाठी साधारणपणे अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. वरच्या वयाला बंदी नाही, आणि पन्नाशी उलटलेले लढवय्ये तरुणांना सहज दमवताना दिसतात, कारण ते उगाच हलत नाहीत.

मला मर्दानी खेळ येतात. त्याचा उपयोग होईल का? मावळा म्हणून उतरता येईल का?

उपयोग नक्की होईल. कोल्हापूरच्या आखाड्यात लाठी आणि पट्टा फिरवलेल्या माणसाचे पाय आधीच तयार असतात, अंतराचा अंदाज असतो आणि मनगट मोकळे असते. सवय बदलावी लागते ती एकच. दांडपट्ट्याचा हात गोल फिरत राहतो आणि घेरा राखतो, तर येथे वार एका जागी नेमका आणि पूर्ण जोराने थांबला पाहिजे.

वेशभूषेचा प्रश्न थोडा अडचणीचा आहे. एससीएचा कालखंड सतराव्या शतकाच्या आधीचा आहे, तर शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, त्यामुळे स्वराज्याचा मावळा त्या चौकटीत बसत नाही. पण निजामशाहीच्या चाकरीतला सोळाव्या शतकातला मराठा शिलेदार अगदी व्यवस्थित बसतो. संस्थेचा भर युरोपवर असला तरी इतर संस्कृतींना तेथे जागा आहे. दख्खनचे कड्यांचे आणि पत्र्यांचे चिलखत अभ्यासून घडवले तर ते पाहायला लोक आवर्जून थांबतील.

मध्ययुगातही लोक हौसेने असे लढत होते का?

होय, आणि फार महागात पडले तरी. बाराव्या शतकातील टूर्नामेंट म्हणजे मैलोगणती मोकळ्या रानात चाललेली जवळजवळ लढाईच होती. माणसे इतकी मरत की ११३० च्या क्लेरमाँ येथील धर्मसभेने असे मेळावे निषिद्ध ठरवले आणि त्यात मरणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले. बंदी पाळली गेली नाही. १५५९ साली फ्रान्सचा राजा दुसरा आंरी पॅरिसमध्ये भाल्याच्या खेळात उतरला असता प्रतिस्पर्ध्याच्या मोडलेल्या भाल्याची कपची शिरस्त्राणातून डोळ्यात घुसली आणि दहा दिवसांनी तो मरण पावला. आज जाळीची फट एक इंचाच्या आत का ठेवतात आणि तुटून कपच्या उडणारे लाकूड का वापरत नाहीत, हे त्या मृत्यूकडे पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही.

सुरुवात कशी करावी? चिलखत आधी विकत घ्यावे का?

मुळीच घेऊ नये. बहुतेक स्थानिक गटांकडे नव्या लोकांना उसने देण्यासाठी चिलखत असते. ते घामट आणि थोडे सैल असेल, पण आपल्या अंगाला कोठे काय हवे हे त्यातच कळते. आधी दोनतीन सराव नुसते पाहावेत, मग जमिनीत रोवलेल्या खांबावर वार करण्याचा सराव करावा, आणि मगच माणसासमोर उभे राहावे. स्पर्धेत उतरण्यापूर्वी मार्शलसमोर परीक्षा द्यावी लागते. तेथे तुम्ही जिंकता की हरता हे पाहत नाहीत. नियम येतात का, 'होल्ड' ऐकताच थांबता का आणि बसलेला वार मान्य करता का, एवढेच पाहतात.

पैसे खर्च करायचे तेव्हा क्रम असा ठेवावा: शिरस्त्राण, दस्ताने, गुडघे आणि कोपरे, त्यानंतर बाकीचे. जननेंद्रियांचे संरक्षण आणि दातांवरचे रबरी आवरण मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचेच असावे.